पहिलं बाळंतपण दवाखान्यात: कळा सुरू झाल्यापासून घरी येईपर्यंत

पहिलटकरणीला सगळे एकच सांगतात, "घाबरू नकोस." पण घाबरायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मला स्वतःला कळांपेक्षाही जास्त धास्ती वाटली ती पुढे काय होणार हे माहीत नसल्याची. दार उघडायचं, हातमोजे चढवत कुणीतरी आत यायचं, पडदा ओढायचा, आणि आता काय करणार आहेत याचा मला पत्ता नसायचा. दुसऱ्या खेपेला कळा तशाच होत्या, पण चाललंय काय ते कळत होतं, त्यामुळे निम्मा ताण तिथेच गेला. म्हणून गोष्टी ज्या क्रमाने घडतात त्याच क्रमाने इथे सांगते. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमची फाइल त्यांच्यासमोर आहे.

१. तारखेच्या आधी

डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते. त्या नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं फार थोडी, वीसात एखादं. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत कधीही बाळ येऊ शकतं. त्यामुळे नातेवाइकांना तारीख सांगताना "अमुक महिन्याच्या अखेरीला" एवढंच सांगा, नाहीतर तारीख उलटली की रोज फोन येतात आणि प्रत्येक फोनला "अजून नाही" म्हणता म्हणता आपणच रडकुंडीला येतो.

बॅग ३६व्या आठवड्यापर्यंत भरून ठेवा. फाइल सगळ्यात वर: रक्तगट, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफीचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी, ओळखपत्र. कपड्यांत पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड भरपूर, आणि नेहमीपेक्षा एक माप मोठ्या, कंबरेला वर येणाऱ्या निकर, कारण सिझर झालं तर टाक्यांवर इलास्टिक येता कामा नये. न घसरणाऱ्या चपला. लांब वायरचा चार्जर. आणि ओठांना लावायचं मलम! तोंडाने श्वास घेऊन घेऊन ओठ इतके सुकतात की बोलताना भेगा पडतात. बाळासाठी मऊ, आधी धुतलेले कपडे, टोपी, मोजे, डायपर किंवा लंगोट, गुंडाळायला दुपटी. एवढं पुरे.

बॅगेपेक्षा महत्त्वाचं काम वेगळंच आहे. दवाखाना आधी एकदा पाहून या, आणि विचारा: रात्री कुठल्या दाराने यायचं? लेबर रूमचा थेट नंबर काय? सोबतीला कोण थांबू शकतं, शेवटपर्यंत थांबू देतात का? कळा चालू असताना उठून चालता येईल का? एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं थांबवायला कमरेतून देतात ती भूल, हवं असेल तर भूलतज्ज्ञ रात्रीही असतात का? बाळ जन्मल्यावर लगेच अंगावर देतात का? ही उत्तरं कळा यायच्या आधी मिळालेली बरी. सोबतीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची एक व्यक्ती पूर्णवेळ जवळ असावी. नवरा, आई, बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल, पण रक्त बघून चक्कर येणारं माणूस नको. हे आधीच स्पष्ट विचारून घ्या, संकोच करू नका.

२. कळा खऱ्या की खोट्या

शेवटच्या आठवड्यांत पोट मधूनच दगडासारखं घट्ट होतं आणि सैल पडतं. या सरावाच्या कळा. त्यांना ताल नसतो. कूस बदलली, पाणी प्यायलं, थोडं चाललं की विरतात. खऱ्या कळा काही केल्या थांबत नाहीत. त्या हळूहळू जवळ येतात, लांबतात, वाढतात. बऱ्याच जणींना त्या पाठीच्या तळापासून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येतात. कळ भरात असताना तुम्हाला बोलणं अर्धवट सोडावं लागत असेल तर ती खरी.

मोजायचं असं: एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचं अंतर. पहिल्या बाळंतपणात बहुतेक ठिकाणी सांगतात की दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ साधारण एक मिनिट, आणि असं तासभर सलग चाललं की निघा. घर लांब असेल किंवा डॉक्टरांनी आधीच बोलावलं असेल तर अर्थातच त्याआधी.

कळा सुरू होण्याच्या आगेमागे चिकट, गुलाबीसर किंवा तांबूस स्राव जातो. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला बोळा सुटल्याची ही खूण. त्यानंतर कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी, त्यासाठी पळत जायची गरज नसते. पण पुढच्या कुठल्याही गोष्टीला वाट पाहायची नाही:

- पाणमोट फुटली. कधी एकदम लोंढा येतो, कधी नुसतं झिरपत राहतं आणि लघवी गळतेय असं वाटतं. किती वाजले ते लिहून ठेवा, पॅड लावा आणि रंग बघा. पाणी स्वच्छ किंवा फिकट असावं. हिरवट-तपकिरी असेल तर बाळाने पोटात शी केलेली असू शकते, मग मिनिटाचाही उशीर नको.
- पाळीसारखं लालभडक रक्त जाणं.
- बाळाची हालचाल मंदावणं किंवा थांबणं. "कळा सुरू झाल्या की बाळ शांत होतं" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. बाळाने कळांमध्येही हललं पाहिजे.
- जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज. ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं आहेत.
- ३७ आठवड्यांच्या आधी कळा किंवा पाणी.

पाणमोट फुटल्यावर नाळ बाहेर आल्यासारखी वाटली, हाताला काही लागलं, तर गुडघे आणि कोपर टेकून ओणव्या व्हा, डोकं खाली, कंबर वर, आणि तातडीची गाडी बोलवा. हे क्वचित घडतं, पण घडलं तर हीच गोष्ट माहीत असावी लागते.

यातलं काही नसेल तर सुरुवातीच्या कळा घरीच काढलेल्या बऱ्या. हा टप्पा पहिलटकरणीचा लांबतो. रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा, झोप नाही लागली तरी आडव्या व्हा. कोमट पाण्याने आंघोळ करा. हलकं खा, पाणी पीत राहा, दर दोन तासांनी लघवीला जा. कळ आली की तेवढ्यापुरती थांबा, गेली की पुन्हा आपलं काम. दवाखान्यात जाऊन तपासल्यावर "अजून वेळ आहे, घरी जाऊन या" असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते फार जणींना सांगतात.

३. दाखल होताना

पोहोचल्यावर कागद सोबतच्या माणसाकडे सोपवा. सिस्टर मनगटाला पट्टी बांधतील, नाडी, ताप, बीपी घेतील, लघवी तपासतील. पोटावर हात फिरवून बाळाचं डोकं खाली आहे का, किती उतरलंय ते बघतील. मग पोटाला दोन पट्टे बांधून मशीन लावतात: एक बाळाचे ठोके टिपतं, दुसरं कळा. ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान असले की ठीक. बाळ हललं किंवा कळ आली की आकडा वरखाली होतो. पट्टा सरकला तर आवाज चक्क बंदच पडतो आणि आपला जीव खालीवर होतो. सिस्टरना हाक मारा, बहुतेक वेळा पट्टा नीट बसवला की आवाज परत येतो. आणि त्या पडद्याकडे एकटक बघत बसू नका. सोबतच्या माणसालाही सांगा, कारण त्यांना बघायला तेवढं एकच असतं आणि "आता मोठी येतेय बघ" ही बातमी तुम्हाला त्यांच्या आधी मिळालेली असते.

मग आतून तपासणी. हातमोजा घालून दोन बोटांनी गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं, किती पातळ झालं ते बघतात. दुखतं का? थोडं, आणि आखडून धरलं तर जास्त. टाचा जवळ घ्या, गुडघे सैल बाजूला सोडा, तोंडाने लांब श्वास सोडा. कळ चालू असेल तर "कळ जाऊ दे, मग बघा" असं बिनदिक्कत म्हणा. ऐकतात. तपासल्यावर आकडा विचारा. तो तुमचा आहे.

एनिमा देणं आणि केस काढणं पूर्वी सरसकट चालायचं. दोन्हींचा ठोस फायदा दिसत नसल्याने जागतिक आरोग्य संघटना आता ते सरसकट करू नका म्हणते. कुठे विचारलं तर नको म्हणायला हरकत नाही.

४. कळांचे तास

पिशवीचं तोंड ० पासून १० सेंटीमीटरपर्यंत उघडायचं असतं. पहिले चार-पाच सेंटीमीटर अंगाचा अंत पाहतात, त्यांना किती वेळ लागेल ते कोणीच सांगू शकत नाही. पाचनंतर वेग येतो आणि तिथून पहिल्या बाळंतपणात साधारण १२ तासांच्या आत पूर्ण उघडतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. "तासाला एक सेंटीमीटर" हा हिशोब तुमच्या कानावर पडेलच. त्याचं मूळ १९५०च्या दशकात इमॅन्युएल फ्रिडमन या अमेरिकी डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात आहे, आणि पुढे अनेक वर्षं जगभरच्या लेबर रूममध्ये त्याच मापाने बायकांना मोजलं गेलं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की पुष्कळ निरोगी बायकांचं तोंड याहून हळू उघडतं, आणि आई-बाळ ठीक असतील तर केवळ एवढ्या कारणाने घाई करू नये. म्हणजे चार तासांनी तपासून "फारसा फरक नाही" म्हणाले तरी तुम्ही नापास झालेल्या नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसता आलं तर बसा.

काय करायचं? हला. उताणं पडून कळा सोसणं सगळ्यात जड जातं. चाला, पलंगाच्या कठड्याला धरून पुढे वाका, कंबर गोल फिरवा, मोठ्या चेंडूवर बसा, गुडघे-हात टेकून राहा. पाठीत भरून येत असेल तर सोबतच्या माणसाला तळहाताची टाच माकडहाडाच्या जरा वर दाबून धरायला लावा, कळ सुरू झाली की जोरात, ओसरली की सोडायचं. या एका गोष्टीने मला जेवढा आराम दिला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. थकलात तर कुशीवर निजा, दोन गुडघ्यांत उशी.

श्वासाचं गणित साधं ठेवा. नाकाने आत, तोंडाने बाहेर, बाहेरचा लांब. आवाज काढायचा असेल तर खालच्या पट्टीतला, छातीतून येणारा. किंचाळलं की जबडा आणि खांदे आवळतात, त्यात दम जातो. आणि आवाज काढायची लाज वाटून घेऊ नका, भिंतीपलीकडची बाईही तेच करत असते.

सोबतच्या माणसाचं काम म्हणजे दर दोन कळांनी घोटभर पाणी, ओला रुमाल, लघवीची आठवण, आणि डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवणं. कळ चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत. "पाणी हवं का?" असं विचारण्यापेक्षा ओठांशी स्ट्रॉ धरावा. फोन दुसऱ्या कुणाकडे द्यावा.

दुखणं कमी करायचे उपाय तीन प्रकारचे असतात. काही दवाखान्यांत नळीतून ओढायचा वायू मिळतो, नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे. दुखणं राहतं, पण जरा लांब जातं, आणि सोडलं की असर लगेच उतरतो. दुसरं इंजेक्शन. त्याने गुंगी येते, कळांच्या मध्ये डुलकी लागते, पण बाळ लवकरच जन्मणार असेल तर टाळतात, कारण बाळही सुस्त होऊ शकतं. तिसरं एपिड्युरल, सगळ्यात परिणामकारक. पाठीला कमान करून बसवतात, कमरेत मणक्यांच्या मध्ये सुईने बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून औषध सोडत राहतात. नळी बसवताना हलायचं नसतं, तेव्हा कळ येतेय असं वाटलं तर आधी सांगा. साधारण वीस मिनिटांत कमरेखाली बधिरता येते. बीपी खाली जाऊ शकतं म्हणून सलाईन लावतात, लघवीची नळी घालावी लागू शकते, आणि जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो. एपिड्युरलमुळे सिझरची शक्यता वाढते हा समज मात्र अभ्यासांत टिकलेला नाही. घेतलं म्हणून कमी आई, न घेतलं म्हणून जास्त आई, असलं काही नसतं. माझं मत विचाराल तर आधी ठरवून हट्ट धरू नका, दोन्ही दारं उघडी ठेवा.

कळा मंद असतील तर ऑक्सिटोसिनचं ड्रिप लावतात. कळा आपोआप सुरूच झाल्या नसतील तर तोंड मऊ करायला जेल, गोळी किंवा छोटा फुगा वापरतात. ड्रिपच्या कळा एकावर एक येतात, म्हणून बाळाचे ठोके सतत बघावे लागतात. यातलं काहीही करायच्या आधी तीन प्रश्न विचारा: हे कशासाठी? दुसरा काही मार्ग आहे का? अजून तासभर थांबलं तर काय होईल? खरोखर तातडी असेल तर डॉक्टर एका वाक्यात सांगतील आणि त्या वेळी वाद घालायचा नसतो. तातडी नसेल तर बऱ्याचदा वेळ मिळतो.

आठ-नऊ सेंटीमीटरच्या सुमारास एक विचित्र टप्पा येतो. अंग थरथरतं, उलटी होते, कधी गरम कधी गार, आणि "मला जमणार नाही, मला घरी न्या" असं तोंडातून निघतं. हे ऐकून सोबतचा माणूस घाबरतो. अनुभवी सिस्टर मात्र हातमोजे शोधू लागतात, कारण बहुतेक वेळा आता फार उरलेलं नसतं.

५. जोर लावताना

तोंड पूर्ण उघडलं की खाली प्रचंड दाब येतो, शौचाला लागल्यासारखं वाटतं. सिस्टरना लगेच सांगा, तपासल्याशिवाय जोर करू नका. शी खरंच होऊ शकते. त्या पुसून टाकतात, कोणी काही बोलत नाही, त्या चिंतेने जोर अडवू नका.

पहिल्या बाळंतपणात हा टप्पा तीन तासांपर्यंत चालू शकतो, एपिड्युरल असेल तर त्याहूनही थोडा जास्त. जोर चेहऱ्यात जाऊ द्यायचा नाही. हनुवटी छातीशी, खांदे सैल, आणि ताकद खाली. कळ आली की आतूनच जोर येतो, त्याच्याबरोबर जा. कळ ओसरली की सगळं सोडून द्या, त्या दोन मिनिटांत मला चक्क झोप लागायची. उताणीच राहायला हवं असं नाही. कुशीवर, बसून, ओणवं, जे जमतं आणि दवाखान्यात चालतं ते विचारा.

डोकं दिसायला लागतं, कळ गेली की मागे जातं. हे दोन पावलं पुढे एक मागे बराच वेळ चालतं. मग ते मागे न जाता तिथेच थांबतं आणि जळजळ होते, कातडी पेटल्यासारखी. या क्षणी "आता जोर नको, फुंकर मारा" असं सांगतात. ऐका. डोकं सावकाश आलं तर फाटणं कमी होतं. तरीही पहिल्या वेळी थोडंफार फाटतंच, टाके भूल देऊन घालतात आणि ते आपोआप विरघळतात. वाट मोठी करायला खाली देतात तो छेद सरसकट द्यायचा नसतो, बाळाचे ठोके घसरले किंवा चिमटा (फोर्सेप्स) लावायचा असेल अशा वेळी देतात. बाळ शेवटच्या टप्प्यावर अडलं तर व्हॅक्यूमचा कप किंवा चिमटा लावून कळेबरोबर बाहेर घेतात. व्हॅक्यूमने डोक्यावर फुगवटा येतो, तो एक-दोन दिवसांत बसतो.

६. पहिला तास

डोकं, खांदे, आणि मग सगळं अंग एकदम सुळकन. पोट अचानक रिकामं.

बाळ सिनेमातल्यासारखं गुलाबी-गुटगुटीत नसतं, हे आधी सांगितलेलं बरं. ओलं, जांभळट, अंगावर पांढरा मेणचट लेप, डोकं लांबुळकं. हातपाय निळसर राहतात, ते काही तासांनी बदलतं. सगळं ठीक असेल तर पुसून थेट तुमच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि वरून कोरडं कापड. तासभर तसंच राहू द्या. बाळाची ऊब टिकते, श्वास स्थिरावतो, आणि त्या तासात ते स्वतःच तोंड इकडेतिकडे करत स्तन शोधतं. पहिलं पाजणं याच तासात व्हायला हवं. आंघोळ निदान २४ तास नको, तो लेप बाळाच्या कातडीसाठी चांगला असतो.

इकडे तुमच्या मांडीत एक इंजेक्शन बसलेलं असतं, ऑक्सिटोसिनचं. गर्भाशय आकसून रक्तस्राव आटोक्यात राहावा यासाठी. नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबतात, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढे बाळाला लोह कमी पडण्याची शक्यता घटते. वार साधारण अर्ध्या तासाच्या आत पडते. तेव्हा थोडा जोर लावावा लागतो, पण तिला हाडं नसतात! मग सिस्टर बेंबीपाशी पोट चोळतात आणि ते दुखतं. कोणी सांगितलेलं नसतं म्हणून राग येतो. गर्भाशय चेंडूसारखं कडक झालं आहे ना, हे त्यांना बघायचं असतं.

या वेळी मला इतकी थंडी भरली होती की दात वाजत होते. ताप नव्हता. हे पुष्कळ जणींना होतं, जाड पांघरूण मागा, थोड्या वेळात जातं.

बाळाला एका आणि पाच मिनिटांना गुण देतात. अमेरिकी भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली ही पद्धत काढली: रंग, ठोके, प्रतिसाद, अंगाचा ताठरपणा, श्वास, प्रत्येकाला दोनपर्यंत. सात किंवा जास्त म्हणजे छान. दहापैकी दहा फारसे मिळत नाहीत, हातपाय निळे असल्याचा एक गुण बहुतेकांचा जातो. यावरून बाळाची हुशारी वगैरे काही ठरत नाही. शिवाय बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात, रक्तस्राव टाळण्यासाठी. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर तुम्हाला अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळायला हवं. आठवणीने विचारा.

७. सिझर झालं तर

आधी ठरलेलं असेल तर सहा तास काही खायचं नाही, साधं पाणी किती आधीपर्यंत चालेल ते विचारून घ्या. ऐनवेळी ठरलं तर सही घेतात आणि भराभर हालचाली होतात. कारण एका वाक्यात विचारा.

बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात, तुम्ही जाग्या असता. छातीपाशी पडदा असतो. कापल्याचं दुखत नाही, पण ओढल्यासारखं, आत कुणी सामान हलवतंय असं जाणवतं, आणि ते अगदी नॉर्मल आहे. बाळ पहिल्या काही मिनिटांत बाहेर येतं, बाकीचा वेळ टाके घालण्यात जातो, सगळं मिळून पाऊण ते एक तास. बाळाला गालाशी किंवा छातीवर द्या असं सांगून ठेवा, बऱ्याच ठिकाणी देतात.

नंतर लघवीची नळी, सलाईन, पायांत मुंग्या. दुखायला लागायच्या आधीच औषध मागा. साधारण २४ तासांच्या आत उठवतात, आणि ते पहिलं उठणं खरंच जिवावर येतं. पण लवकर हललं की पायांत गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. उठताना कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरा.

८. वॉर्डमधले दिवस

पहिल्यांदा उठताना एकटीने जाऊ नका, चक्कर हमखास येते. सहा तासांत लघवी झाली पाहिजे. जळजळ होते, म्हणून लघवी करतानाच कोमट पाणी ओतत राहा. रक्त पहिले दिवस पाळीपेक्षा जास्त जातं, मग तपकिरी, मग पिवळसर, आणि पाच-सहा आठवडे थोडंथोडं चालू राहू शकतं.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळा, थेंब-थेंब. "दूधच नाही" असं ऐकून घाबरू नका, त्या दिवसांत बाळाचं पोटही इवलंसं असतं. दूध उतरतं साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड न जाता भोवतीचा काळा भागही जायला हवा. पाजताना टोचल्यासारखं दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दरवेळी सिस्टरना बोलवा, पाजायला शिकवून घ्यायला यापेक्षा चांगली जागा पुन्हा मिळत नाही. पाजताना ओटीपोटात कळा येतात, त्या गर्भाशय आकसल्याच्या.

बाळाने पहिल्या २४ तासांत शू करायला हवी, आणि एक-दोन दिवसांत डांबरासारखी काळी-हिरवी शी. वजन थोडं उतरतं, जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि दोनेक आठवड्यांत भरून निघतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसरपणा पुष्कळ बाळांना येतो. पहिल्या २४ तासांतच दिसला, किंवा तळपायापर्यंत गेला, तर लगेच दाखवा.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास रडू येतं. दूध उतरतंय, टाके ओढतायत, झोप नाही, आणि शेजारच्या पलंगावरचं बाळ शांत झोपलेलं. दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. नाही ओसरलं, किंवा बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, जगणं नकोसं वाटलं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा.

९. घरी निघताना

सगळं नीट असेल तरी निदान २४ तास दवाखान्यात राहायचं असतं. निघायच्या आधी सोबतच्या माणसाने लिहून घ्यायचं: कुठली औषधं किती दिवस, टाक्यांची काळजी, बाळाला पुढे कधी आणायचं, लशीच्या नोंदी, आणि रात्री-अपरात्री फोन कुठे करायचा. बाळाची श्रवणचाचणी आणि टाचेतून रक्त घेऊन करायची तपासणी झाली का, तेही विचारा.

घरी गेल्यावर यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं किंवा मोठ्या गाठी जाणं, ३८ अंशांच्या वर ताप, घाण वास, एका पोटरीला दुखरी सूज, धाप, छातीत दुखणं, जोराची डोकेदुखी. रक्तदाबाचा त्रास बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो, आधी कधी नसला तरी. बाळाच्या बाबतीत: पाजायला उठत नाही, श्वास भरभर किंवा कण्हल्यासारखा, अंग तापलेलं किंवा गार, शू फारच कमी.

पुढची मोठी तपासणी साधारण सहा आठवड्यांनी. टाके, बीपी, गर्भनिरोधन, मन कसं आहे, सगळं त्यात बोलता येतं. प्रश्न फोनमध्ये लिहून न्या. डॉक्टर बाळाकडे बघून "काय म्हणतंय?" असं विचारतात आणि सगळा वेळ त्यातच जातो, तेव्हा आधी स्वतःचं विचारून घ्या.